कुमक्वाट : फळ, नाव आणि नावाचा मार्ग

१

लिंबूवर्गातील फळांपैकी सालीसकट खाल्ले जाणारे, ज्याची साल गोड आणि गर आंबट असतो असे एक लहानसे फळ चीन, जपान व व्हिएतनाम या देशांत फार जुन्या काळापासून परिचित आहे. इंग्रजीत आणि तिच्यावरून इतर पुष्कळ भाषांत त्याला 'कुमक्वाट' म्हणतात. मराठीत हे फळ अद्याप बाजारातले झालेले नाही. रोपवाटिकांत शोभेचे झाड म्हणून किंवा पाककृतींच्या पुस्तकांत केवळ नावाने ते आढळते. अशा फळाचा विचार भाषाशास्त्राच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या फळाच्या नावात आहे.

सामान्य कोशांत या नावापुढे 'चिनी शब्द; अर्थ, सोनेरी नारिंग' अशा आशयाची नोंद असते. अर्थ बरोबर आहे. तथापि आजच्या प्रमाण चिनीत, म्हणजे उत्तरेकडील भाषेवर आधारलेल्या राजभाषेत, या फळाचे नाव विचारले तर उत्तर येते ते स्थूलमानाने 'चिन्‌-च्यू' असे. 'चिन्‌-च्यू' आणि 'कुमक्वाट' यांत एकही व्यंजन समान नाही. मग एका शब्दापासून दुसरा आला असे कसे म्हणावे? हे अंतर भ्रष्ट उच्चाराने पडलेले नाही. ते कसे पडले हे पाहू लागले म्हणजे 'चिनी शब्द' ही व्युत्पत्ती अपुरी आहे, इतकेच नव्हे तर दिशाभूल करणारी आहे, हे ध्यानात येते. प्रस्तुत लेखात हेच दाखविण्याचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम फळाची थोडीशी माहिती घेऊ.

२

कुमक्वाटचे झाड सदाहरित, सावकाश वाढणारे आणि बेताच्या उंचीचे असते. सामान्यतः ते अडीच ते साडेचार मीटरपर्यंत जाते. पाने गडद हिरवी व चकचकीत असून फुले पांढरी व सुवासिक असतात. लिंबूवर्गातील बहुतेक झाडांपेक्षा याचा एक विशेष असा की थंडी ते चांगली सोसते. हिवाळ्यात त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि पुढच्या हंगामात ऊब चांगली स्थिरावल्याखेरीज नवी फूट व फुले येत नाहीत. वसंतातील एखाद्या फसव्या उबेने पालवी फुटावी आणि मागाहून आलेल्या कडाक्याने ती करपावी, हे संकट त्यामुळे टळते. शून्याखाली काही अंश तापमान गेले तरी ते तग धरते, याचे कारण या विश्रांतीत आहे. लागवडीसाठी झाड बहुधा बीजापासून करीत नाहीत. स्वतःच्या मुळांवर ते जोम धरीत नाही, म्हणून त्रिपर्णी लिंबासारख्या चिवट जातीच्या खुंटावर त्याचे डोळे बांधतात.

फळाचे दोन प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत. एक लांबट, जपानी नावाने 'नागामी', म्हणजे लांब फळाचा. दुसरा वाटोळा, 'मारुमी', म्हणजे गोल फळाचा. लांबट फळ अडीच ते चार सेंटिमीटरचे, साधारण मोठ्या बोराएवढे असते. दक्षिण चीनमध्ये रानात आढळणारा एक प्रकार तर वाटाण्याहून थोडा मोठा असतो आणि त्याला तिकडे 'सोन्याचा दाणा' अशा अर्थाचे नाव आहे. संत्र्यात दहाच्या आसपास फाकी असतात. कुमक्वाटात तीनपासून सहा-सातपर्यंत. संत्र्याची साल आपण टाकतो, कारण तिच्या आतील पांढरा थर जाड व कडवट असतो. येथे तो थर पातळ व गोडसर असल्याने सालच खाण्याजोगी होते. जाणकार हे फळ तोंडात टाकण्यापूर्वी बोटांत हलकेच चुरतात. सालीतील सुगंधी तेल मोकळे होते आणि गोड व आंबट एकत्र येतात.

चीनमध्ये या फळाचा लौकिक जुना आहे. अकराव्या शतकातील थोर गद्यकार व इतिहासकार औयांग श्यू (१००७–१०७२) याने आपल्या निवृत्तीनंतरच्या टिपणांत याविषयी लिहिले आहे. हे फळ दूरच्या च्यांगशी प्रांतात होई, म्हणून राजधानीतील लोकांना ते आधी ठाऊक नव्हते. १०३० नंतरच्या दशकात ते तेथे येऊ लागले, आणि पुढे सम्राटाच्या एका आवडत्या राणीला ते फार रुचल्यामुळे त्याचा भाव चढला, असे तो सांगतो. फळे दीर्घकाळ टिकावीत म्हणून त्या प्रांतातील लोक ती हिरव्या मुगांत पुरून ठेवीत. फळ उष्ण आणि मूग थंड, म्हणून एकाने दुसऱ्याचा दोष जातो, अशी त्याची उपपत्ती होती. पदार्थांच्या उष्ण-शीत गुणांची चर्चा घरोघर ऐकणाऱ्या मराठी वाचकाला ही विचारसरणी परकी वाटू नये. पुढे ११७८ मध्ये हान यान-झ याने वन्‌जौ परगण्यातील लिंबूवर्गीय फळांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या विषयावरील तो जगातील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ समजतात. त्यातही या फळाला स्थान आहे. म्हणजे युरोपच्या कानी हे नाव पडण्यापूर्वी कित्येक शतके ते चिनी लेखनात रूढ होते.

३

आता नावाकडे वळू. ते दोन अक्षरांचे आहे. पहिल्याचा अर्थ सोने, दुसऱ्याचा नारिंगाच्या जातीचे फळ. चिनी लिपी ध्वनी सांगत नाही, अर्थ सांगते. त्यामुळे हीच दोन अक्षरे पूर्व आशियातील निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या रीतीने वाचली जातात. सुरांचा, म्हणजे आरोह-अवरोहांचा, विचार तूर्त बाजूस ठेवून ही वाचने देवनागरीत अदमासाने अशी मांडता येतील. प्रमाण उत्तरी चिनीत 'चिन्‌-च्यू', कँटनच्या बोलीत 'कम्‌-क्वत्‌', व्हिएतनामीत 'किम्‌-क्वत्‌', कोरियनमध्ये 'कुम्‌-ग्युल्‌', जपानीत 'किन्‌-कित्सु'. जपानीत फळाचे रोजचे नाव 'किन्‌कान्‌' असे आहे; त्यातील दुसरे अक्षर वेगळे असून तेही लिंबूवर्गीय फळाचेच वाचक आहे.

ही पाच रूपे शेजारी ठेवली की तौलनिक पद्धतीचा एक सुबक पाठच समोर येतो. पहिल्या अक्षराच्या अंती कँटनी, व्हिएतनामी व कोरियन या तिघींत 'म्‌' आहे. उत्तरी चिनी व जपानीत 'न्‌' आहे. दुसऱ्या अक्षराच्या अंती कँटनी व व्हिएतनामीत 'त्‌' आहे. कोरियनमध्ये त्या जागी नियमाने 'ल्‌' येतो. जपानीला व्यंजनान्त अक्षर चालत नाही म्हणून तिने स्वर जोडून 'त्सु' केले. उत्तरी चिनीत मात्र तेथे काहीच उरलेले नाही. आरंभीचे व्यंजन चौघींत कंठ्य आहे. फक्त उत्तरी चिनीत ते तालव्य झाले आहे. यावरून मूळ रूपात आरंभी 'क्‌', पहिल्या अक्षराच्या अंती 'म्‌' आणि दुसऱ्याच्या अंती 'त्‌' होता, हा निष्कर्ष अटळ ठरतो.

सुदैवाने हा निष्कर्ष ताडून पाहण्यास लिखित पुरावाही आहे. इ. स. ६०१ मध्ये लू फा-यान याने सिद्ध केलेला 'छ्येयुन्‌' हा यमककोश प्रसिद्ध आहे. त्यात 'म्‌'कारान्त व 'न्‌'कारान्त अक्षरे वेगवेगळ्या यमकवर्गांत घातली आहेत, आणि 'प्‌, त्‌, क्‌' यांनी संपणाऱ्या अक्षरांचा एक स्वतंत्र गट मानला आहे. 'सोने' या अर्थाचे अक्षर त्यात 'म्‌'कारान्तांत व 'नारिंग' या अर्थाचे अक्षर 'त्‌'कारान्तांत मोडते. पुढे १३२४ मध्ये जौ द-छिंग याने उत्तरेकडील रंगभूमीच्या भाषेवरून 'झोंगयुआन यिनयुन्‌' हा दुसरा यमककोश रचला. त्यात 'प्‌, त्‌, क्‌' यांनी संपणारा गट मोडून त्यातील अक्षरे इतर गटांत वाटली गेली आहेत. 'म्‌'कारान्त वर्ग मात्र अजून शाबूत आहे. म्हणजे उत्तरेत 'त्‌' आधी गेला, 'म्‌' मागाहून 'न्‌'मध्ये मिसळला, आणि 'क्‌'चे तालव्यीकरण त्याहूनही अलीकडचे आहे. या अखेरच्या बदलाची खूण मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. ज्या राजधानीला जुनी पुस्तके 'पेकिंग' म्हणत तिलाच आज 'बीजिंग' म्हणतात. या नावातील 'किं' आणि 'जिं' यांचे नाते 'कम्‌' आणि 'चिन्‌' यांच्या आरंभीच्या व्यंजनांच्या नात्यासारखेच आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कँटनी बोलीने हे तीन ध्वनी राखले म्हणून ती उत्तरी चिनीची जननी ठरत नाही. दोघी एकाच जुन्या भाषेच्या मुली आहेत; एकीने व्यंजने राखली, दुसरीने ती टाकली. स्वरांच्या बाबतीत कँटनीनेही बदल केलेच आहेत: जुना 'किम्‌' तिच्यात 'कम्‌' झाला, आणि या एका जागी उत्तरीचा 'इ' मुळाशी अधिक जवळ आहे. कोणतीही बोली सर्वस्वी जुनी किंवा सर्वस्वी नवी नसते.

४

इंग्रजांनी कँटनचाच उच्चार का उचलला, याचे कारण व्यापाराच्या इतिहासात आहे. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये एकाच बंदरात, म्हणजे कँटनला, व्यापार करण्याची परवानगी होती. मुंबईतून जाणारा कापूस आणि माळव्याची अफू याच बंदरात उतरत असे, आणि मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांच्या वखारी तेथे होत्या. तेथील बाजारात फळाचे जे नाव ऐकू येई तेच परदेशीयांच्या जिभेवर बसले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने आणखी चार बंदरे उघडली. त्यानंतर लंडनच्या उद्यानविद्या संस्थेने रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाला चीनला धाडले. त्याने १८४६ मध्ये कुमक्वाटची झाडे लंडनला पोचविली. हाच फॉर्च्यून पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी घेऊन आला. झाड युरोपात आले तेव्हा त्याचे नाव आधीच ठरलेले होते, आणि ते कँटनचे होते.

बंदर बदलले की शब्द बदलतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चहाचेच आहे. चीनच्या बहुतेक भागांत व कँटनमध्ये 'चा' हा उच्चार आहे. आमॉयच्या परिसरातील बोलीत 'ते' आहे. डच व्यापाऱ्यांच्या द्वारे पश्चिम युरोपात 'ते' गेला आणि त्यापासून इंग्रजी 'टी' झाला. पोर्तुगिजांनी, तसेच मध्य आशियातील तांड्यांनी 'चा' नेला. मराठीतील 'चहा' या दुसऱ्या कुळातला. एकच वस्तू व एकच लेखी अक्षर. पण शब्द दोन, कारण बोली दोन.

शब्द ऐकून वस्तू ओळखण्याची घाई मात्र करू नये. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीच्या १६९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोंकिन-वर्णनात 'कॅम-क्विट' नावाचे एक छोटे फळ येते, आणि इंग्रजीतील या शब्दाचा हा पहिला आढळ म्हणून ते दाखविले जाते. परंतु टोंकिन म्हणजे उत्तर व्हिएतनाम. तेथील भाषेत 'काम' म्हणजे संत्रे व 'क्वित' म्हणजे लहान नारिंग. येथे 'काम'चा सोन्याशी संबंध नाही. दुसरा भाग तेवढा खरोखर नात्यातला आहे, कारण 'क्वित' आणि 'क्वत्‌' ही व्हिएतनामीत त्याच एका चिनी शब्दाची वेगवेगळ्या काळी आलेली रूपे होत. अर्धे नाते खरे व अर्धे भासमान, असा हा प्रकार आहे.

५

कुमक्वाटचे झाड चिनी नववर्षाच्या सुमारास कँटन व हाँगकाँगमध्ये दारोदार दिसते. फळांनी लगडलेले झाड कुंडीत लावून ते घराच्या किंवा दुकानाच्या दारात ठेवतात. या प्रथेला भाषेचा आधार आहे. फळाचे नाव लोकव्यवहारात अधिक सोप्या अक्षराने लिहितात आणि ते 'कत्‌' असे वाचतात. 'शुभ' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही 'कत्‌' असाच आहे. त्यामुळे कुंडीतल्या झाडाचे नाव घेताच 'सोने आणि शुभ' असा ध्वनी निघतो. फळाचे नाव मग ओळख पटविण्यापुरते राहत नाही, आशीर्वादही होते. इतके की या नावाने विकली जाणारी त्यांतली पुष्कळशी झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कुमक्वाटची नसून त्याच्या व नारिंगाच्या संकराची असतात. सणाला नाव पुरते.

याच बोलीत 'रिकामे' या अर्थाचा शब्द 'अशुभ' या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून रिकाम्या घराला 'शुभ घर' म्हणतात. आपण नारळ फोडल्यावर तो 'वाढविला' म्हणतो, बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणतो, आणि निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. फरक इतकाच की मराठीत अशुभ टाळण्यासाठी उलट अर्थाचा शब्द घेतात. कँटनीत उच्चारसाम्यामुळे अशुभ ठरलेला शब्द टाळतात. एकाक्षरी शब्दांच्या भाषेत समान उच्चार विपुल असणारच, तेव्हा श्लेषाची ही सोय तिला अधिक आहे.

तथापि प्रथा केवळ श्लेषातून जन्मली असे म्हणणे धाडसाचे होईल. हनोईतही नववर्षाच्या सणाला हेच झाड घरोघर मांडतात. व्हिएतनामीत 'शुभ' या अर्थाच्या त्या चिनी शब्दाचे वाचन 'कात्‌' आहे आणि फळाचे 'क्वत्‌'. तेव्हा तेथे कँटनसारखा नेमका श्लेष साधत नाही. ऐन हिवाळ्यात हिरव्या पानांत सोनेरी फळे मिरविणारे झाड स्वतःच शुभ वाटण्यासारखे आहे. भाषा त्या भावनेला कारण पुरवीत नाही, बळ पुरविते.

६

नावाचा तिसरा प्रवास शास्त्रातला. १७७५-७६ मध्ये जपानात राहिलेला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पेटर थुनबर्ग याने १७८४ च्या आपल्या ग्रंथात या झाडाला लिंबू-संत्र्याच्या 'सिट्रस' याच प्रजातीत घालून 'सिट्रस जॅपोनिका' हे नाव दिले. १९१५ मध्ये वॉल्टर स्विंगल या अमेरिकन शास्त्रज्ञाने फाकींची अल्प संख्या, प्रत्येक कप्प्यातील बीजांडांची संख्या इत्यादी लक्षणांवरून त्याची वेगळी प्रजाती केली आणि रॉबर्ट फॉर्च्यूनच्या सन्मानार्थ तिला 'फॉर्च्युनेला' म्हटले. 'फॉर्च्यून' म्हणजे दैव आणि झाड तर शुभाचे. तेव्हा हे नाव त्या प्रथेवरून पडले असावे असे कोणासही वाटेल. पण ते पडले आहे एका माणसाच्या आडनावावरून. लोकव्युत्पत्ती कशी जन्मते हे विद्यार्थ्यांना दाखविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

ही स्वतंत्र प्रजाती टिकली नाही. कुमक्वाटचा लिंबाशी व नारिंगाशी सहज संकर होतो. १९०९ मध्ये खुद्द स्विंगलनेच लिंबाशी त्याचा संकर केला होता. २०१८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लिंबूवर्गाच्या जनुकीय अभ्यासातही कुमक्वाटची शाखा सिट्रसच्या वंशवृक्षाच्या आतच पडते असे दिसून आले. आज बहुसंख्य अभ्यासक थुनबर्गचेच नाव वापरतात. बाह्य लक्षणे मोजून वेगळे कूळ मानावे की परस्परसंबंध पाहून एकत्र ठेवावे, हा वाद 'भाषा की बोली' या आपल्या वादाच्या फार जवळचा आहे.

७

या सर्वाचा मराठी कोशकाराला उपयोग काय? पहिला असा की 'चिनी', 'फारसी', 'पोर्तुगीज' अशी एकेका शब्दाची मोहर व्युत्पत्ती म्हणून पुरेशी मानू नये. कोणत्या बोलीतून, कोणत्या बंदरातून आणि कोणत्या मध्यस्थ भाषेतून शब्द आला हे सांगितल्याशिवाय ध्वनींचा हिशेब लागत नाही. 'मोसंबी' या शब्दात आपण मोझांबिकचा किनारा ओळखतो. तीच दृष्टी इतरत्रही ठेवली पाहिजे. दुसरा असा की प्रमाण भाषेने टाकलेले ध्वनी बोलींत जिवंत असू शकतात. नपुंसकलिंगी रूपांवरील अनुस्वार १९६२ च्या नियमांनी आपल्या लेखनातून गेले. कोकणातील कित्येक बोलींत तो अनुनासिक उच्चार अजून कानी पडतो. बोलींचे संकलन हे काम दुय्यम मानणाऱ्यांनी 'कुमक्वाट'मधील 'म्‌' आणि 'ट्‌' यांचा विचार करावा. उत्तरेच्या राजभाषेत ज्यांचा मागमूसही नाही असे दोन ध्वनी केवळ एका प्रादेशिक बोलीने राखल्यामुळे जगभर पोचले.

राहिला प्रश्न मराठी रूपाचा. 'सुवर्णनारिंग' असा प्रतिशब्द करता येईल. मूळ अर्थाशी तो इमानी आहे, पण बाजारात चालणार नाही, आणि नावाचा मार्ग पुसून टाकील. नेपाळीत या फळाला 'मुन्तला' हा सुटसुटीत शब्द आहे. संत्र्याच्या 'सुन्तला' या नावाशी त्याचे यमक जुळते. मराठीत मात्र शब्द इंग्रजीतून येत आहे, आणि येताना एक दोष घेऊन येत आहे. इंग्रजी लेखनातील पहिल्या अक्षराचा 'यू' हा आपल्या 'उ'साठी नसून 'अ'साठी आहे, जसा 'पंजाब'च्या इंग्रजी लेखनात आहे. 'पुंजाब' लिहिणे जितके चूक, तितकेच 'कुमक्वाट' लिहिणे. 'कमक्वट' असे लिहिल्यास कँटनच्या दोन्ही ऱ्हस्व अकारांना आणि अघोष, अल्पप्राण 'क'लाही न्याय मिळतो. अखेरचे व्यंजन मुळात 'त्‌' असले तरी ते इंग्रजीच्या वाटेने आले आहे, म्हणून तेथे 'ट' राहू द्यावा. त्या मध्यस्थीचा तेवढा पुरावा नावात असणे योग्यच आहे. कोशात नोंद करावयाची तर ती अशी असावी : कमक्वट, नाम, नपुंसकलिंगी, इंग्रजीद्वारा, मूळ कँटनी चिनी, अक्षरशः अर्थ सोनेरी नारिंग, सालीसकट खाण्याचे लिंबूवर्गीय लहान फळ.